गंगापूरच्या पाण्यात फळी उतरण्याआधी

तीस वर्षांपूर्वी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो. पहिल्याच आठवड्यात एका पॉवर प्रेसच्या बटणात आगपेटीची काडी खोचलेली दिसली. प्रेसला दोन बटणं होती, एकेका हाताला एक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे पत्र्यावर आदळणारा वरचा जड भाग, खाली यायचा नाही. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, एकही हात राहत नाही, एवढा साधा हिशेब. पण अशाने पीस घालायला-काढायला वेळ जातो आणि नगावर मिळणारी मजुरी बुडते. म्हणून डावं बटण काडीने कायमचं दाबून ठेवलं होतं आणि ऑपरेटर मोकळ्या डाव्या हाताने पत्रा सरकवत होता. मी काडी काढली. दुपारच्या चहानंतर नवी काडी आली. समज दिली, पाटी लावली, सुपरवायझरने आवाज चढवून पाहिला. काड्या येतच राहिल्या. शेवटी पॅनेलमधलं सर्किट बदललं. दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळणारच नाही, अशी जोडणी केली. दाबून ठेवलेलं बटण आता कुचकामी झालं आणि काड्या थांबल्या. पाटीचं काम चार तारांनी केलं.

ती काडी परवा पुन्हा आठवली. निमित्त भाच्याच्या मोबाईलवरचा व्हिडिओ. निळ्या पाण्यावर एक माणूस उभा, पायाखाली सर्फबोर्डसारखी फळी, आणि ती फळी पाण्याला टेकलेलीच नाही. हातभर वर अधांतरी चालली आहे, इंजिनाचा आवाज नाही, मागे फेस नाही. इलेक्ट्रिक हायड्रोफॉइल, थोडक्यात ईफॉइल. भाचा म्हणाला, "मामा, हे आपल्या गंगापूर डॅमवर पाहिजे राव."

पाहिजे की नको, हा प्रश्न आज ना उद्या नाशिकपुढे येणारच. धरणावर बोट क्लब आहे, एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, रविवारी मिसळ खाऊन त्या दिशेला निघालेल्या गाड्यांची रांग आहे. गोव्यात आणि मालवणात जे भाड्याने मिळतं ते पाठोपाठ इथे येतं, असा आजवरचा अनुभव आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. येऊ द्या. पण माणूस पडताक्षणी, त्याने काहीही न करता, जिची मोटर थांबते आणि पुन्हा आपल्या मनाने सुरू होत नाही, अशीच फळी पाण्यात उतरू द्या. ही अट पहिल्या परवान्यात लिहा. पहिल्या अपघाताची वाट पाहू नका.

आधी यंत्र समजून घेऊ. फळीच्या पोटातून खाली सुमारे पाऊण मीटरचा दांडा जातो. त्याच्या टोकाला विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा, मागचा लहान. दांड्यावरच मोटर आणि प्रोपेलर. वेग आला की पंख वर उचल देतात आणि फळी पाण्याबाहेर येते. पाण्याचा अडथळा एकदम कमी झाल्याने थोड्या ताकदीत मोठा वेग मिळतो. कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने १९१९ साली याच तत्त्वावरची बोट कॅनडातल्या पाण्यात ताशी ११४ किलोमीटरने पळवली होती. नवं आहे ते लिथियम बॅटरी आणि हातातला बिनतारी रिमोट. मोटर साधारण पाच किलोवॉटची असते. विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर साडेपाच किलोवॉटची, त्यावरून जोराचा अंदाज घ्या. सरावलेला माणूस ताशी चाळीस किलोमीटर सहज गाठतो. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. मोटर थांबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात फळी साडेपाच मीटर पुढे. तिथे दुसरा कुणी पोहत असेल तर त्याच्यापाशी.

मी या फळीच्या बाजूने का आहे, तेही सांगायला हवं. नाशिककराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा गंगापूर धरणाचा आहे. त्या पाण्यावर पेट्रोलच्या जेट स्कीने तेलाचा तवंग सोडण्यापेक्षा विजेवरची फळी केव्हाही बरी. आवाज नाही, धूर नाही, लाटा उठवून काठ खरवडणं नाही. (नांदूरमध्यमेश्वरला मात्र मोटरचं काहीच नको. २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा ठरलेलं ते ठिकाण पक्ष्यांचं आहे, तिथे आपण दुर्बीण घेऊन गप्प बसावं.)

आता मुद्द्यावर येतो. विक्रेते सांगतील की मोटर बंद होण्याची सोय आहेच. ती खोटी नाही. पहिली सोय ट्रिगरची. रिमोटवरचं बोट सुटलं की मोटर बंद. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली असतो तो डेडमॅन हँडल याच जातीचा. दुसरी सोय पाण्याचीच. हे रिमोट ज्या रेडिओ लहरींवर चालतात त्या पाण्यात फार तर काही सेंटिमीटर जातात. माणूस पडला, हात पाण्यात गेला, की संदेश तुटतो आणि मोटर थांबते. ऐकायला छान. पण या दोन्ही सोयी पडणाऱ्या माणसाच्या हातावर विसंबून आहेत, आणि पडताना हात आपलं ऐकत नाही.

कारखान्यात रोबो आले तेव्हा हे मला नीट कळलं. वेल्डिंग रोबोला हालचाल शिकवताना माणसाला त्याच्या पिंजऱ्यात शिरावं लागतं. रोबो चालवायच्या हातातल्या पेंडंटला, म्हणजे तारेच्या रिमोटला, मागच्या बाजूने एक बटण असतं. नवख्याला वाटतं, दाबलं की चालू, सोडलं की बंद. पण त्या बटणाला तीन स्थिती असतात. हलकं दाबलं तर रोबो हलतो, सोडलं तर थांबतो, आणि घट्ट आवळलं तरीही थांबतो. ही तिसरी स्थिती कशाला, असं मी शिकवायला आलेल्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, "रोबोचा हात अंगावर आला की तुम्ही बटण सोडणार नाही, मुठीत आवळून धराल." खरं आहे. घाबरलेला माणूस मूठ उघडत नाही, वळतो. तोल जाणारं पोर आईचा पदर सोडत नाही. ईफॉइलवर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस मागे कोसळताना हात वर करून, ट्रिगर गच्च धरून पडला, तर रिमोट हवेत, संदेश शाबूत आणि मोटर पूर्ण जोरात. त्याचं ओझं उतरलेली हलकी फळी कुठल्या दिशेला जाईल याचा भरवसा नाही.

म्हणून तिसरी सोय हवी, आणि ती हाताच्या भरवशावर नको. मालवण-तारकर्लीला जेट स्कीवर बसलेल्यांनी ती पाहिली आहे. मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची गुंडाळीची दोरी, दुसरं टोक इंजिनाच्या स्विचला. माणूस पडला की दोरी ओढली जाते, स्विच सुटतो, इंजिन बंद. काही फळ्यांवर हेच काम चुंबक करतं. दोरीच्या टोकाचं चुंबक फळीवरच्या खाचेत बसवायचं, ते निघालं की मोटर मेली. दोरी फळीला कायमची बांधलेली नसते हे महत्त्वाचं, नाहीतर पडलेल्या माणसामागे धारदार पंखाचं धूड ओढत येईल.

दोरी असली म्हणजे झालं, असंही नाही. इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ २०१३ च्या मे महिन्यात एका स्पीडबोटीतून सहा जणांचं कुटुंब एका वळणावर पाण्यात फेकलं गेलं. बोट रिकामी झाली, पण इंजिन चालूच होतं. ती त्याच जागी गोल गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या त्याच लोकांवरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली, बाकीच्यांनाही जखमा झाल्या. शेवटी दुसऱ्या बोटीतून एकाने तिच्यावर उडी मारून इंजिन बंद केलं. त्या बोटीला इंजिन तोडणारी दोरी होती. फक्त त्या क्षणी ती कुणाच्याच अंगाला लावलेली नव्हती. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटी वेगाने चालवताना असा स्विच वापरणं सक्तीचं केलं. बोटीत तो बसवणं बनवणाऱ्यावर आधीच बंधनकारक होतं, पण बसवलेला आणि लावलेला यांत अंतर राहतं, हे तिथल्या सरकारलाही मान्य करावं लागलं. आपल्याकडे हेल्मेट आरशाला अडकवून फिरणाऱ्यांना हे अंतर समजावून सांगायला नको.

पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा मोटर बंद होण्याचा नाहीच. ती पुन्हा सुरू कशी होते, हा आहे. यासाठी जरा शेतावर जाऊ.

विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये एक शहाणपण भरलेलं असतं. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सोडून देते. वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी येऊन बटण दाबावं लागतं. आपण काय केलं? त्यावर ऑटो स्विच बसवला. वीज आली की मोटर चालू. मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. शेतीला रात्री अडीच वाजता वीज मिळत असेल आणि उसात बिबट्या बसलेला असेल, तर निफाड-सिन्नरकडचा कोणता शहाणा माणूस बटण दाबायला मळ्यात जाईल? महावितरण वर्षानुवर्षं विनवतं आहे की ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, कारण वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते. पण डीपीपेक्षा मला भीती वाटते ती विहिरीत वाकून फूटव्हॉल्व्ह साफ करणाऱ्या गड्याची. त्याच्या लेखी मोटर बंद आहे. खरं तर ती वाट पाहते आहे.

ईफॉइलवर हाच प्रसंग पाण्यात घडू शकतो. माणूस पडला, रिमोट बुडाला, संदेश तुटला, मोटर थांबली. छान. तो वर आला, एका हातात रिमोट, दुसऱ्या हाताने फळीची कड पकडायला गेला. रिमोट हवेत आला, संदेश जुळला. बोट अजून ट्रिगरवरच आहे. आता मोटरने काय करावं? नीट विचार केलेल्या फळीत ती थांबूनच राहते. ट्रिगर आधी पूर्ण सोडावा लागतो, मगच पुढचा हुकूम ऐकला जातो. अर्धवट विचार केलेल्या, कुठेतरी सुटे भाग जोडून बनवलेल्या फळीत ती फिरू लागते, आणि त्या वेळी माणसाच्या मांड्या प्रोपेलरच्या रेषेत असतात. म्हणून परवान्यात "मोटर आपोआप बंद होईल" एवढं लिहून भागणार नाही. "आपोआप सुरू होणार नाही" हे दुसरं अर्धं वाक्य पहिल्याइतकंच मोठ्या अक्षरात हवं.

यावर एक रास्त हरकत येते, आणि ती चालवणाऱ्यांकडून येते. मोटर फाजील सावध असली तर तीच माणसाला पाडते. फळी हातभर वर उडत असताना मोटर एकाएकी तुटली तर उचल संपते, फळी खाली बसते आणि माणूस पुढच्या टोकावरून तोंडघशी जातो. संदेशात क्षणभर खंड पडला म्हणून दर दहा मिनिटांनी असं होऊ लागलं, तर माणूस वैतागून सेन्सरच बायपास करेल. घरात ईएलसीबी, म्हणजे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडतो म्हणून तो 'डायरेक्ट' करून देणारे वायरमन मी पाहिले आहेत, आणि ते करून घेणारे सुशिक्षित घरमालकही. म्हणजे खोटं थांबणं हा त्रास तर आहेच, खऱ्या थांबण्याचा तो शत्रूही आहे.

पण या हरकतीतच तिचं उत्तर आहे. थांबण्याचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. माणूस फळीवर उभा आहे आणि बॅटरी उतरली किंवा संदेश किंचित डळमळला, तर जोर हळूहळू कमी व्हावा, म्हणजे फळी अलगद पाण्यावर टेकेल. माणूस फळीवर नाही, तर हळूहळूचा प्रश्नच नाही, तिथल्या तिथे तोडा. माणूस आहे की नाही, हे फळीला कळणार कसं? रेडिओच्या संदेशावरून ते नक्की कळत नाही. फळी उलटल्याचं ओळखणारा सेन्सर मदत करतो, पण आडवी पडलेली फळी आणि जोरात वळणारी फळी यांत तो गोंधळू शकतो. अंगाला लावलेलं चुंबक गोंधळत नाही. ते जागेवर आहे किंवा नाही. म्हणून चुंबकाची दोरी ही जादाची चैन धरता येणार नाही. तिच्यामुळेच बाकीच्या सेन्सरांना सौम्य वागण्याची मुभा मिळते.

मोटर थांबल्याने सगळं भागतं असा माझा दावा नाही. खालचे पंख मोटर बंद असतानाही कापतात, त्यांना वीज लागत नाही. हेल्मेट आणि मार सोसणारं जॅकेट हवंच, प्रोपेलरभोवती कडं हवं. धरणात ट्यूबवर बसून जाळी टाकणारे मासेमार आहेत, आणि त्यांचा हक्क पर्यटकाच्या आधीचा आहे. जाळं प्रोपेलरला गुंडाळलं तर चढलेला करंट ओळखून मोटर थांबली पाहिजे. खरं तर फळीसाठी बोयांनी आखलेली वेगळी हद्दच हवी, जिथे ना जाळं, ना पोहणारं पोर. आणि वरून विसर्ग सुटला, गोदावरीच्या पुराचं माप मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेकडे लोकांच्या नजरा लागल्या, की त्या दिवशी कुठलीही फळी काठावरच.

हे सगळं करायचं कुणी, इथे गाडी अडते. धरण जलसंपदा विभागाचं, पिण्याच्या पाण्याची चिंता महापालिकेची, पर्यटन एमटीडीसीचं आणि धंदा ठेकेदाराचा. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला, यांत्रिक नौकांची पाहणी, नोंदणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र असं सगळं नव्याने बांधलं. पण त्या मांडणीत नौका म्हणजे नौका आहे, तिला चालक आहे, त्याच्याकडे कागद आहे. भाड्याच्या फळीवर चालक म्हणजे तिकीट काढून पंधरा मिनिटांपूर्वी आलेला नवखा. त्याला प्रमाणपत्र कुठलं मागणार? त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणारी व्यवस्था पहिल्याच रविवारी कोलमडेल. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक बुडाले. तलाव महापालिकेचा, बोटी ठेकेदाराच्या, आणि जॅकेटांचा हिशेब नंतर.

जबाबदारी माणसाकडून यंत्राकडे सरकवणं आपल्याला नवीन नाही. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार वाढले तेव्हा "शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी" एवढ्यावर सरकार थांबलं नाही. १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदाच झाला, आणि यंत्र सुरक्षित असण्याचा भार बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आला. पेंढी सरकवणाऱ्या बाईला रात्री अकरा वाजता झोप येणार हे त्या कायद्याने गृहीत धरलं. फळीवरच्या पर्यटकाला घाबरायला होणार, हे परवान्याने गृहीत धरावं. परवाना फळी भाड्याने देणाऱ्याच्या नावावर असावा. दर सकाळी पहिलं तिकीट फाडण्याआधी त्याने प्रत्येक फळी पाण्यात धरून, मोटर फिरती ठेवून चुंबक ओढावं, मग रिमोट बुडवून वर काढावा, आणि मोटर थांबली नाही किंवा स्वतःहून उठली तर ती फळी त्या दिवशी शेडमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे. हे रोज काठावर, रांगेतल्या गिऱ्हाइकांसमोर व्हावं अशी माझी सूचना आहे, कारण बंद खोलीतल्या तपासणीचे कागद कसे भरले जातात ते मी स्वतः काही वर्षं भरले आहेत.

आणि तरीही बायपास होणारच. फळीतला सेन्सर चुंबक ओळखतो, माणूस ओळखत नाही. गिऱ्हाइकाने चौथी दोरी पाण्यात हरवली, नवी मागवायला पंधरा दिवस लागतात, दिवाळीची गर्दी आहे. अशा वेळी काठावरचं कुणीतरी हुशार पोरगं घरच्या फ्रीजवरून त्र्यंबकेश्वरचं मॅग्नेट काढून आणेल आणि खाचेत चिकटवून देईल. मोटर खुशाल चालेल, दिवसभर, कुणीही पडलं तरी. यावर दंड लावा, पाटी लावा, आवाज चढवा, मी करून पाहिलं आहे. त्यापेक्षा आयात होणाऱ्या किंवा इथे बनणाऱ्या प्रत्येक फळीला एक साधी गोष्ट सक्तीची करा, ती सर्किटात बसते आणि खर्च जवळजवळ काही नाही. फळी थांबली की दर वेळी चुंबक एकदा निघून परत बसलेलं दिसल्याशिवाय मोटर उठणारच नाही. चिकटवून ठेवलेलं मॅग्नेट कधी निघत नाही, म्हणून ती फळी एक फेरी करेल आणि दुसरीला हलणार नाही. पोरगं दोन-तीनदा ते उचकटून पुन्हा लावेल, मग कंटाळून दोरी शोधायला जाईल.